घोड्याचं चामडी जीन: आत काय असतं, कसं बांधतात, कसं पारखायचं. वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात मी जिनांच्या दुरुस्तीचं काम करते. आधी घोडेस्वारी शिकले आणि तिच्यामागोमाग जिनाच्या आत काय असतं याचं वेड लागलं. काही महिने कानपूरच्या कारागिरांशेजारी बसून आरी (चामड्याला भोक पाडायचं टोचणं) धरायलाही शिकले. माझ्याकडे जीन घेऊन येणारी माणसं साधारण तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहिली आहेत. बराचसा मजकूर भारतातल्या रायडिंग क्लबांमध्ये दिसणाऱ्या इंग्लिश धाटणीच्या जिनाबद्दल आहे, कारण आपल्याकडे बहुतेकांच्या हाती तेच येतं.

जीन, खोगीर, सॅडल हे सगळं एकच का?

बोलताना हो. मुळात मात्र फरक आहे. खोगीर म्हणजे घोड्याच्या पाठीवर घालायची भरीव गादी, कापडाची किंवा चामड्याची. आत जे मिळेल ते भरायचं: चिंध्या, कापूस, लोकर. जीन हा फारशीतून आलेला शब्द. ते बनवणारे ते जीनगर, आणि हे नाव महाराष्ट्रात आडनाव म्हणून आजही भेटतं. जुन्या मराठीत पालाण आहे. हिंदीत लाकडी सांगाड्यावर बांधलेल्या जिनाला काठी म्हणतात, आणि आपण इथे ज्याबद्दल बोलणार आहोत त्याला हा शब्द खरं तर सगळ्यात जवळचा आहे. घोड्यांच्या क्लबात सगळे सॅडलच म्हणतात. मी जीन म्हणते.

खोगीरभरती या शब्दाबद्दल माझी एक मनापासूनची तक्रार आहे. निरुपयोगी माणसांचा किंवा मजकुराचा भरणा अशा अर्थाने आपण तो वापरतो. पण जिनात काय भरलंय आणि कसं भरलंय यावर घोड्याची पाठ राहते किंवा जाते. याबद्दल पुढे सविस्तर येईलच.

एका जिनात काय काय असतं?

वरून दिसतं ते असं: मधे बैठक, तिच्या दोन बाजूंना छोट्या झडपा, त्यांच्याखाली स्वाराच्या मांडीशी येणाऱ्या मोठ्या झडपा. पुढे उंच कमान, मागे उंच कठडा. छोट्या झडपेखाली हात घातला की रिकिबीची (स्वाराचा पाय ठेवायच्या कडीची) वादी, म्हणजे चामड्याचा पट्टा, अडकवायची पोलादी पट्टी लागते. मोठी झडप उचलली की तंग (घोड्याच्या पोटाखालून जाणारा, जीन धरून ठेवणारा पट्टा) आवळायच्या तीन वाद्या दिसतात, त्यांच्यावर बक्कल घासू नये म्हणून एक राखण-पट्टी असते. सगळ्यात खाली, घोड्याच्या पाठीला टेकणारी, दोन भागांची लांबट गादी असते. तिला पॅनल म्हणतात.

न दिसणारं असं: लाकूड-पोलादाचा सांगाडा, त्यावर ताणलेली नवार, नवारीवर किंतान आणि लोकरीचं कापड, त्यात भर, आणि मग वर ओलं करून ओढून बसवलेलं चामडं. जिनाचा खरा दर्जा या न दिसणाऱ्या भागात असतो. दुकानात गिऱ्हाईक हात फिरवतं ते चामड्यावर, त्यामुळे वर छान आणि आत भिकार अशी जिनं बनवायचा मोह बनवणाऱ्याला होतो.

सांगाडा कशाचा असतो? एवढा महत्त्वाचा का?

चांगला पारंपरिक सांगाडा बीच नावाच्या लाकडाचा असतो. हे युरोपातलं झाड. अखंड लाकूड कोरून सांगाडे व्हायचे तो काळ गेला. आता लाकडाच्या पातळ पट्ट्या एकावर एक डिंकाने चिकटवून साच्यात दाबतात, म्हणजे हलका आणि तडा न जाणारा बाक मिळतो. मग पुढच्या कमानीला वरून आणि खालून पोलादी पट्ट्या रिव्हेटने ठोकतात. वजन आलं तर कमान फाकू नये हे त्या पट्ट्यांचं काम. बहुतेक आधुनिक जिनांत कमानीपासून मागच्या कठड्यापर्यंत दोन बाजूंनी स्प्रिंगच्या पोलादाच्या दोन पट्ट्या जातात. त्यामुळे बैठक किंचित लवते. स्प्रिंग ट्री म्हणतात तो हाच. रिकिबीच्या पट्ट्या या सांगाड्यालाच रिव्हेट केलेल्या असतात. त्या ठोकून घडवलेल्या असाव्यात, ओतीव नकोत. ओतीव लोखंड न वाकता एकदम तुटतं, आणि स्वाराचं सगळं वजन त्याच जागी लोंबकळत असतं.

आता महत्त्व. घोड्याच्या पाठीचा कणा वजन पेलण्यासाठी नाही. कण्याच्या दोन्ही अंगांना लांब स्नायू आहेत आणि त्यांच्याखाली बरगड्यांचा आधार. वजन तिथे यायला हवं, आणि ते एका बिंदूवर न येता लांबवर पसरायला हवं. सांगाड्याचं काम हेच. स्वार नुसत्या गादीवर बसला तर त्याच्या बैठकीची दोन हाडं घोड्याच्या पाठीत दोन ठिकाणी रुततात. रिकिबीत उभा राहिला तर सगळा भार वादीच्या जागी एका अरुंद पट्ट्यावर येतो. सांगाडा हा भार उचलून सगळ्या पॅनलभर वाटतो आणि कण्याच्या वर पोकळी ठेवतो.

सांगाडा वाकडा असेल तर पुढचं सगळं कौशल्य वाया. सांगाड्याचा डावा भाग अंगठाभर पुढे, उजवा मागे असं जीन मी अनेकदा पाहिलं आहे. मीही अशी फसले. शिकत असताना पैसे साठवून पहिलं नवं जीन घेतलं. दिसायला देखणं, वासाला सुंदर. माझ्या घोडीच्या डाव्या खांद्यामागे काही आठवड्यांत केस तुटायला लागले, आणि पुढच्या वेळी तिथे पांढरे केस आले. पांढरा केस म्हणजे दाबामुळे केसाच्या मुळाशी झालेली इजा. तो बहुधा परत मूळ रंगाचा होत नाही. जीन उघडलं तेव्हा कळलं, सांगाडा पिळवटलेला होता. ती घोडी आता नाही, पण तो पांढरा ठिपका मला आजही प्रत्येक सांगाडा पालथा करून मधोमध दोरी धरायला लावतो.

सांगाडा मोडला आहे का, हे जीन न उघडता कसं ओळखायचं?

कमान पोटाशी टेकवा, कठडा दोन्ही हातांनी धरून आपल्याकडे ओढा. स्प्रिंगच्या सांगाड्याची बैठक थोडी लवेल, सोडली की परत येईल. ते ठीक. पण बैठकीच्या चामड्यावर आडवी घडी पडली, एक बाजू जास्त लवली किंवा आतून कटकट आवाज आला तर आत काहीतरी गेलं आहे. मग जीन उलटं धरून कमानीची दोन टोकं एकमेकांकडे दाबा आणि फाकवा. कमान अजिबात हलता कामा नये. शेवटी कठडा धरून दोन्ही बाजूंना हलवून पाहा.

घोडा जिनासकट लोळला किंवा भिंतीला घासला असेल, किंवा जीन उंचावरून पडलं असेल, तर ही तपासणी केल्याशिवाय पुन्हा घालू नका. मोडलेल्या सांगाड्याचं टोक पॅनलमधून थेट पाठीत उतरतं.

बैठक कशी बांधतात?

खाटेची नवार ताणताना पाहिली असेल तर निम्मं काम समजलं. कमानीपासून कठड्यापर्यंत लांबीत नवार ताणतात आणि चुका (छोटे खिळे) ठोकून पक्की करतात. ही नवार आधी ताणून तिच्यातला लवचीकपणा काढून टाकलेली असावी लागते, नाहीतर वर्षभरात बैठक झोळीसारखी खाली जाते. मग आडवी नवार. तिच्यावर किंतान ताणून शिवतात. कडांना मऊ चामड्याचे किंवा फोमचे उतरते तुकडे लावतात, म्हणजे मांडीला सांगाड्याची धार लागत नाही. त्यावर लोकरीचं जाड कापड ताणून, त्याला छोटी चीर पाडून आत लोकर भरतात आणि आरीने टोचून टोचून ती सारखी पसरवतात. हल्ली या थराऐवजी बहुतेक ठिकाणी फोम असतो. फोम लवकर होतो आणि पहिल्या दिवसापासून मऊ लागतो, पण बसून बसून त्याचा चुरा होतो.

शेवटी बैठकीचं चामडं. ते ओलं करून सांगाड्यावर ओढतात, चुकांनी तात्पुरतं धरतात आणि वाळू देतात. वाळताना ते आकार घेतं. मग काढून, छोट्या झडपा मधे पायपिंग घालून त्याला शिवतात आणि पुन्हा ओलं करून कायमचं ओढून बसवतात. या ओढण्यात हातांचा जोर लागतो आणि अंदाजही लागतो. कमी ओढलं तर सुरकुती राहते, जास्त ओढलं तर शिवण ताणाखाली राहते आणि दोन-तीन वर्षांत तिथेच सुटते. कानपूरला मी ज्यांच्याजवळ बसायचे ते वयस्कर कारागीर चामड्यावर नख दाबून सांगायचे, आणखी ओढायचं की थांबायचं. मला ते अजून पूर्ण जमत नाही.

चामडं कोणतं वापरतात?

झडपा, वाद्या आणि बैठक यांना वनस्पतींच्या सालींनी कमावलेलं चामडं लागतं. झाडाच्या सालीत आणि फळांत टॅनिन असतं. आपल्याकडे बाभळीची साल, तरवडाची साल आणि हिरडा हे त्याचे जुने स्रोत. सह्याद्रीतल्या हिरड्याची मोठी मागणी औषधाइतकीच चामडं कमावण्यासाठी होती. हे काम आठवड्यांचं, कधी महिन्यांचं. क्रोमने कमावलेलं चामडं एक-दोन दिवसांत तयार होतं, मऊ असतं, पाण्याला जास्त टिकतं, पण ओलं करून दिलेला आकार धरत नाही आणि त्याची धार घोटून गुळगुळीत होत नाही.

कमावून झालं की त्यात चरबी, तेल, मेण मुरवतात. जिनाचं चामडं वाकवलं की वर फिकट रेघ उमटते आणि सोडली की जाते, ती या मुरवण्याची खूण.

एका कातड्याचे सगळे भाग सारखे नसतात. पाठीकडचा पुठ्ठ्यालगतचा भाग सगळ्यात घट्ट आणि एकसारखा. तंगाच्या आणि रिकिबीच्या वाद्या त्यातूनच कापायच्या, पाठीच्या रेषेला समांतर. पोटाकडचं चामडं सैल, ताणलं जाणारं. स्वस्त जिनांत वाद्या पोटाच्या चामड्याच्या निघतात. महिन्याभरात एक वादी दुसरीपेक्षा लांब झाली तर हेच समजा. पॅनलला वासराचं पातळ मऊ चामडं चांगलं. जुन्या इंग्लिश जिनांची बैठक डुकराच्या चामड्याची असे. तीन-तीन छिद्रांच्या झुपक्यांवरून ते लगेच ओळखू येतं.

भारतात बनणाऱ्या बऱ्याच जिनांत म्हशीचं चामडं असतं. त्याला लोक उगाच नाक मुरडतात. ते जाड आहे, त्याचा पोत खडबडीत आहे, पण नीट कमावलेलं आणि योग्य जागी वापरलेलं असेल तर वर्षानुवर्षं चालतं. दोष कमावण्यातल्या घाईचा असतो, म्हशीचा नाही.

हातशिलाई खरंच एवढी चांगली का?

ताण येणाऱ्या जागी, हो. हाताच्या टाक्यात एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया असतात. आरीने भोक पाडायचं आणि दोन्ही सुया त्याच भोकातून समोरासमोर घालायच्या. मेणाने घासलेला दोरा आत घट्ट बसतो. एक टाका तुटला तरी शेजारचे उसवत नाहीत. मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा असे दोन वेगळे दोरे मधे एकमेकांत अडकतात. वरचा दोरा घासून तुटला की शिवण सुटत जाते.

झडपेच्या कडेची शोभेची शिवण मशीनने केली तर मला अजिबात हरकत नाही. तंगाच्या वाद्या नवारीला जोडणारी शिवण मात्र उलटून बघाच. तुमचा जीव तिच्यावर आहे.

पॅनलमध्ये काय भरतात? आणि ते परत भरावं का लागतं?

इथे येते ती खोगीरभरती, आणि या कामाला मी सगळ्यात जास्त वेळ देते.

सगळ्यात चांगली भर म्हणजे स्वच्छ, लांब धाग्याची, थोडी कुरळी लोकर. कुरळी असली की तिच्यात हवा राहते, ती दबते आणि पुन्हा फुगते. स्वस्तात कृत्रिम धागे, कापडगिरण्यांचा चुरा, रंगीत लोकरी चिंध्यांचं मिश्रण भरतात. एका जिनातून मी स्वेटरची उसवलेली लोकर गाठींसकट काढली आहे. प्रत्येक गाठ घोड्याला बुटातल्या खड्यासारखी.

भरायची पद्धत अशी. लोकर आधी हाताने पिंजून मोकळी करायची. मग पॅनलच्या चिरेतून लांब पोलादी सळईने थोडी थोडी आत सारायची, आधी टोकांकडे, मग मधे. एका वेळी मूठभर कोंबली तर तिचा गोळा होतो. दर थोड्या वेळाने पॅनल उलटं करून तळव्याने चाचपायचं. डोळे मिटून चाचपलं तर जास्त कळतं. दोन्ही बाजू सारख्या हव्यात, पण घोड्याच्या दोन बाजू सारख्या नसतील तर? बऱ्याच घोड्यांचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा भरदार असतो. तिथे भर कमी-जास्त करून जीन सरळ बसवता येतं. लोकरीचा हाच मोठा फायदा: ती त्या एका पाठीसाठी बदलता येते. फोमचं पॅनल जसं आलं तसं. हवेच्या पिशव्यांची पॅनलंही मिळतात, पण ती नीट लावणारा माणूस जवळ असेल तरच उपयोग.

नवी लोकर पहिल्या काही महिन्यांत दबते. म्हणून नवं जीन तीन-चार महिन्यांनी एकदा दाखवावं आणि मग रोज वापर असेल तर वर्षातून एकदा. थोडी भर घालून भागत असेल तर तसं करते. पण लोकरीचा नमदा झाला असेल, म्हणजे ती चेपून कडक झाली असेल, तर सगळी काढून नव्याने भरावी लागते. कडक पॅनलमध्ये वरून नवी भर कोंबणं म्हणजे दगडाभोवती कापूस लावणं.

दोन पॅनलांच्या मधली पोकळी पुढपासून मागपर्यंत किमान तीन बोटं रुंद हवी. पुढे रुंद आणि मागे निमुळती होत जाणारी पोकळी बऱ्याच जिनांत दिसते. घोडा वळतो तेव्हा मागच्या टोकाला पॅनलची कड कण्यावर चढते.

तंगाला तीन वाद्या का? कुठल्या दोन लावायच्या?

तंगाला बकलं दोन, वाद्या तीन. पहिली वादी एका नवारीला शिवलेली असते, दुसरी आणि तिसरी मिळून वेगळ्या नवारीला. म्हणून एक बक्कल पहिल्या वादीला हवंच आणि दुसरं उरलेल्या दोनांपैकी एकीला. एक नवार तुटली तरी दुसरी धरते. दुसरी आणि तिसरी लावून निघालात तर दोन्ही बकलांचा भार एकाच नवारीवर येतो. क्लबमधल्या मुलांना मोतद्दार (घोड्यांची निगा राखणारे) हे शिकवत नाहीत, कारण त्यांनाही कुणी सांगितलेलं नसतं.

जीन आपल्या घोड्याला बसतं का, हे कसं पाहू?

खाली काही न घालता, उघड्या पाठीवर ठेवून बघा. थोडं पुढे ठेवा आणि मागे सरकवा, ते आपोआप जिथे थांबेल तिथे राहू द्या. जिनाची कमान खांद्याच्या फऱ्याच्या (सपाट हाडाच्या) दोन-तीन बोटं मागे यायला हवी. घोडा पाऊल टाकतो तेव्हा फऱ्याचं वरचं टोक मागे सरकतं. त्याला जागा नसली तर घोडा पाऊल आखूड टाकतो, आणि लोक म्हणतात आळशी आहे.

मागचं टोक शेवटच्या बरगडीच्या मागे जाता कामा नये. घोड्याला साधारणपणे बरगड्यांच्या अठरा जोड्या असतात, शेवटची बोटांनी शोधता येते. त्यामागे कमरेला बरगड्यांचा आधार नाही. उंच स्वारासाठी मोठी बैठक आणि खाली आखूड पाठीचा घोडा, ही जोडी इथेच अडते.

समोरून पाहिलं की खांद्यांमधल्या उंचवट्याच्या वर दोन-तीन बोटं मोकळी दिसावीत. मागून पाहिलं की पोकळीतून आरपार उजेड दिसावा. पॅनलखाली सपाट हात घालून पुढून मागे न्या: दाब सारखा हवा. पुढे आणि मागे लागतं पण मधे हात सहज जातो, तर जीन पुलासारखं दोन टोकांवर उभं आहे. मग स्वाराला बसवून हेच परत बघा, आणि रपेट झाल्यावर घामाचे डाग बघा. सगळीकडे ओलं आणि मधेच एखादा कोरडा ठिपका असेल तर तिथे दाब जास्त आहे.

आपल्याकडची एक अडचण सांगते. आयात केलेली किंवा निर्यातीच्या मापांवर बनवलेली जिनं बहुधा रुंद पाठीच्या युरोपीय घोड्यांसाठी असतात. आपल्या क्लबांत मारवाडी, काठेवाडी आणि शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड जास्त. यांच्या खांद्यांचा उंचवटा बराच वर येतो, पाठ अरुंद असते. मध्यम मापाचं जीन त्यांच्यावर पुढे कोसळतं आणि कमान उंचवट्यावर टेकते. जीन घेण्याआधी फऱ्याच्या दोन बोटं मागे वाकवता येणारी पट्टी ठेवून घोड्याच्या पाठीचा आकार कागदावर उतरवून घ्या. शिसं किंवा जाड तारही चालते. तो कागद दुकानात न्या.

बसत नसेल तर जाड पॅड घातलं तर?

अरुंद जिनाखाली जाड पॅड म्हणजे घट्ट बुटात दोन मोजे. रुंद जिनाखाली पातळ नमदा काही दिवस तात्पुरता चालेल. जाता जाता, इंग्रजीत जिनाखालच्या पॅडला नमना म्हणतात, तो शब्द आपल्या नमद्यावरूनच तिकडे गेला.

उडीचं, ड्रेसाजचं, शर्यतीचं जीन वेगळं का?

स्वाराचा पाय कुठे येतो त्यावरून. ड्रेसाजमध्ये (घोड्याकडून नेमक्या, तालबद्ध चाली करवून घेण्याच्या खेळात) पाय लांब आणि सरळ खाली, म्हणून झडप उभी आणि बैठक खोल. उडीत गुडघा वर आणि पुढे, म्हणून झडप पुढे झुकलेली, बैठक उथळ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत स्वार उडी मारताना मागे रेलायचे. इटलीच्या घोडदळातले अधिकारी फेडेरिको कॅप्रिली यांनी दाखवलं की पुढे झुकून वजन पाठीवरून उचललं तर घोडा मोकळेपणाने उडतो. बैठक बदलली, मागोमाग जीन बदललं. जिनाच्या इतिहासात हे मला सगळ्यात आवडतं: आधी कुणीतरी घोड्याकडे नीट बघतं, मग कारागीर रापी (चामडं कापायची सुरी) उचलतो.

सर्वसाधारण जीन या दोघांच्या मधलं, वजन सहा-आठ किलो. नवशिक्याने तेच घ्यावं. शर्यतीचं जीन एक किलोच्याही आत असू शकतं, कारण जॉकी त्यावर बसतच नाही, रिकिबीत उभा राहतो.

अमेरिकन काउबॉयचं जीन जास्त आरामशीर असतं ना?

ते दिवसभर गुरांमागे फिरण्यासाठी आहे. लाकडी सांगाड्यावर कच्चं कातडं ओलं करून शिवतात, ते वाळताना आवळून सांगाडा जखडतं. पुढे दोर गुंडाळायला शिंग असतं, खाली मेंढीची लोकरीसकट कातडी. वजन पंधरा किलोच्या आसपास किंवा जास्त, पण पाठीला टेकणारा भागही मोठा, त्यामुळे भार पसरतो. लहान चणीच्या घोड्यावर मात्र ते कमरेपर्यंत जातं.

मराठा स्वार कशावर बसायचे? रिकीब आपल्याकडे कधीपासून?

लोणावळ्याजवळच्या भाजे लेण्यातलं शिल्पकाम इसवी सनापूर्वीचं आहे. तिथे आणि सांचीला स्वारांचे पाय पट्ट्यांत सरकवलेले दिसतात. ती आजची धातूची रिकीब नव्हे, पण पायाला आधार देण्याची कल्पना तिथे आहे. पुढे मराठ्यांच्या घोडदळात बारगीर सरकारी घोड्यावर, शिलेदार स्वतःच्या घोड्यावर. लहान चणीचे, काटक दख्खनी घोडे, हलका साज, लांब मजला. अशा घोड्यावर खोगिराचा भरीव, हलका प्रकार सोयीचा, कारण कुठेही उसवून शिवता येतो.

कानपूर एवढं प्रसिद्ध का?

१८५७ नंतरच्या काही वर्षांतच ब्रिटिशांनी तिथे लष्करासाठी साज आणि जिनं बनवण्याचं काम सुरू केलं. गंगेचं पाणी, बाभळीची साल, कातडी आणि छावणी, सगळं एका ठिकाणी होतं. १८८० च्या दशकात कूपर ॲलनसारखे खासगी कारखाने आले. घोडदळं गेली, पण कसब राहिलं आणि निर्यातीकडे वळलं. कानपूरच्या साज-जिनांना भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. इंग्लंडमध्ये हाच मान वॉल्सॉल या गावाचा. तिथल्या फुटबॉल संघाला लोक सॅडलर्स म्हणतात.

कानपुरी म्हणजे हलक्या प्रतीचं, असं काही जण सरसकट म्हणतात. त्याच गल्लीत एक कारागीर परदेशी गिऱ्हाइकासाठी उत्कृष्ट जीन बांधत असतो आणि शेजारी दुसरा, ठरवून दिलेल्या तुटपुंज्या मजुरीत, पोटाच्या चामड्याच्या वाद्या शिवत असतो. किंमत पाडून मागणारे आपणच असतो.

पावसाळ्यात जीन कसं सांभाळायचं?

कोकण, माथेरान, महाबळेश्वर इथल्या घोडेवाल्यांचा हा खरा प्रश्न. भिजलेलं जीन उन्हात किंवा चुलीजवळ वाळवू नका, चामडं तडकतं. सावलीत, वारा येईल असं जीन ठेवायच्या घोडीवर (स्टँडवर) ठेवा, तंग आणि रिकिबीच्या वाद्या सुट्ट्या करा. थोडा दमटपणा असतानाच सॅडल सोपचा हलका हात द्या आणि वाळल्यावर थोडं कंडिशनर. प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीही ठेवू नका. बुरशी आली तर घराबाहेर कोरड्या फडक्याने पुसा, मग साबण.

तेलाचा अतिरेक हा दुसरा शत्रू. खोबरेल चोपडून चामडं काळं, लिबलिबीत झालेलं बघितलं की वाईट वाटतं. जास्त तेलाने वाद्या ताणतात आणि दोरा कुजतो. पॅनल भिजून आतली लोकर ओली राहिली असेल तर वरून कितीही पुसलं तरी उपयोग नाही. ती उघडून वाळवावी लागते.

सिंथेटिक घेऊ का?

कोकणात रोज भिजणार असेल तर जरूर घ्या. हलकं, धुता येणारं आणि काहींची कमान बदलताही येते. दुरुस्ती मात्र चामड्याइतकी करता येत नाही.

जुनं जीन विकत घ्यावं का?

चांगल्या सांगाड्याचं जुनं जीन वाईट सांगाड्याच्या नव्यापेक्षा केव्हाही बरं. आधी वर सांगितलेली सांगाड्याची तपासणी करा. मग उलटं करून मधोमध दोरी धरा आणि दोन्ही पॅनल सारखी आहेत का बघा. तंगाच्या वाद्यांची भोकं ताणून लांबट झाली आहेत का, वाकवल्यावर चामड्याला भेगा जातात का, रिकिबीची पट्टी हलते का, हे पाहा. वाद्या, नवार, लोकर हे सगळं बदलता येतं. बैठकीचं चामडंही बदलता येतं, पण खर्च वाढतो. सांगाडा मोडका असेल तर फुकट मिळालं तरी घेऊ नका. घेतलंच असेल तर त्याच्या झडपा कापून मला आणून द्या. त्यातून बक्कलाच्या राखण-पट्ट्या चांगल्या निघतात.